किती वाजले?

माणसाला घड्याळ कशासाठी लागतं, हा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पडला. ज्या वयात आत्मा म्हणजे काय, मोक्ष कसा मिळतो असले प्रश्न पडायला हवेत, त्या वयात मला हा प्रश्न पडावा याचं आमच्या सौ.ला फार वाईट वाटलं. पण दोष माझा नाही. असलाच तर चिरंजीवांचा. माझ्या वाढदिवसाला त्यांनी मला एक घड्याळ पाठवलं.

घड्याळ म्हणायचं ते आपली सवय म्हणून. ज्या डब्यातून ते आलं तो डबाच असा होता की आमच्या लग्नातलं मंगळसूत्रसुद्धा एवढ्या इतमामाने घरात आलं नव्हतं. डब्यात मखमली उशी आणि त्या उशीला मिठी मारून बसलेलं हे घड्याळ. निळीशार तबकडी, तबकडीच्या पोटात आणखी तीन पिल्लं, उजव्या कुशीला तीन कळा आणि भोवतीच्या कड्यावर मुंगीच्या पायाएवढे आकडे. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. जाहिरातीतली घड्याळं बहुधा दहा-दहाच दाखवतात. तशी ठेवली की तबकडी हसरी दिसते म्हणे. हे तर एवढं हसत होतं की मीच ओशाळलो.

"आता हे घालून जायचं कुठे?" सौ.नं विचारलं.

प्रश्न रास्त होता. निवृत्त माणसाचं जाणं-येणं ते किती! सकाळी गंगापूर रोडवर फिरायला, महिन्यातून एकदा बँकेत आणि आठवड्यातून एकदा भाजीला. भाजीवालीनं हे घड्याळ बघितलं असतं तर मेथीची जुडी पाच रुपयांनी महागली असती. तेव्हा मी ठरवलं की घाई करायची नाही. वादी-प्रतिवादी दोघांचं ऐकून घ्यायचं आणि मगच निकाल द्यायचा.

पहिला मुद्दा उपयोगाचा. हे घड्याळ १०० मीटरपर्यंत पाणी सोसतं, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. आता आम्ही नाशिकचे. आमच्याकडे पाणी मोजायचं माप म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की चर्चा सुरू होते आणि छातीला लागलं की सारं गाव पूर बघायला लोटतं. १०० मीटर पाण्याखाली मी जाणार कधी, आणि गेलोच तर किती वाजले हे बघण्याच्या मनःस्थितीत असेन का? दुसरा गुण वेगाचा. किलोमीटरच्या दगडाशी कळ दाबायची, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबायची, की काटा कड्यावरच्या ज्या आकड्यासमोर असेल तो ताशी वेग. पण माझ्या कड्यावरचे आकडे साठापासून सुरू होतात. द्वारका चौकात संध्याकाळी साठाचा वेग ही पुराणातली गोष्ट. शेवटी त्या कळांचा मी एकच उपयोग केला. कुकरची पहिली शिट्टी किती मिनिटांनी होते ते मोजलं. सौ. म्हणाली, "भात मात्र पूर्वीसारखाच झालाय."

बरं, निदान वेळ तरी बरोबर! त्याला तोड नाही. आत स्फटिकाचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या हिशेबावर काटा चालतो. पण त्यातही एक गोम आहे. भारताची प्रमाणवेळ ठरते ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. नाशिक पडलं त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या मध्ये. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आमच्या डोक्यावर सूर्य यायला मिर्झापूरपेक्षा सुमारे ३५ मिनिटं जास्त लागतात. म्हणजे लग्नाला अर्धा तास उशिरा पोचणारा नाशिककर खरं तर सूर्याच्या वेळेवर आलेला असतो. हे मी अनेकांना समजावून सांगितलं आहे. कोणी जेवणाची पंगत थांबवलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा मुद्दा शोभेचा. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या पुरुषांच्या कानात भिकबाळी असे, त्याआधीच्यांच्या हातात सलकडं. ती गेली. कोटाबरोबर सोन्याची बटणंही गेली. पुरुषाच्या अंगावर अंगठी सोडली तर कोणी नावं ठेवणार नाही असा दागिना एकच उरला, आणि तोही वेळ बघण्याच्या नावाखाली. गंमत अशी की मनगटी घड्याळ मुळात बायकांचं. पुरुष ते साखळीला बांधून खिशात ठेवत आणि मनगटावर बांधणाऱ्याला हसत. पहिल्या महायुद्धात एका हातात बंदूक धरून दुसऱ्याने खिसा चाचपणं सैनिकांना जमेना, तेव्हा ते मनगटावर आलं आणि एकदम मर्दानी ठरलं. आपल्याकडे त्याची योजना निराळी झाली. ते जावयाचं हक्काचं झालं. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि त्याच साली बंगलोरला एचएमटीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली. देशातल्या जावयांनी कायद्याकडे पाठ केली आणि घड्याळाकडे मनगट.

तेव्हा शोभा हा काही गुन्हा नव्हे. पण मनात आलं, आपल्यासारख्याला हे शोभेल का? आपण साधी माणसं. आपलं जुनं 'जनता' काय वाईट होतं? पांढरी तबकडी, काळे काटे, रोज सकाळी चावी द्यायची. साधेपणाचा हा मुद्दा मला इतका आवडला की मी जवळजवळ निकालच देऊन टाकला होता.

पण आठवण ही फार वाईट साक्षीदार. १९७३ साली मी एस.एस.सी. झालो, तेव्हा ते 'जनता' मला मामानं दिलं. मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होता. दिवसभर कोऱ्या नोटा त्याच्या नजरेखालून जात आणि त्यातली एकही त्याची नसे. एचएमटीचं घड्याळ त्या दिवसांत सहजी मिळतही नसे. कुठून, कसे पैसे साठवून त्यानं ते आणलं हे मी विचारलं नाही, कारण मी कामात होतो. काम म्हणजे ते घड्याळ लोकांना दाखवणं. डिसेंबरातली नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी सांगतो की त्या डिसेंबरात मी मेनरोडवरून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून हिंडलो. मित्र 'किती वाजले?' विचारण्याची वाट बघत कोपऱ्यावर उभा राहिलो. कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगितलं. तेव्हा साधेपणा 'जनता'मध्ये होता, माझ्यात नव्हता. पन्नास वर्षांत मी मनगटावरची मिजास कधी उतरवलीच नव्हती, फक्त तबकडीचा रंग बदलला होता. एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना बंद करायचं सरकारनं २०१६ साली ठरवलं. माझा कारखाना चालूच आहे.

म्हटलं, चला, घालूच या. मोबाईलवर वेळ दिसते हे खरं, पण मोबाईलमध्ये वेळ बघायला गेलेला माणूस अर्ध्या तासानं कोणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो बघून परततो, आणि वेळ बघायची राहूनच जाते. घड्याळ बिचारं वेळ सांगतं आणि सोडून देतं. हा मुद्दा बिनतोड होता. निकाल घड्याळाच्या बाजूनं लागला.

आणि पहिल्यांदा ते घालून मी गेलो तो मामाकडेच.

मामा आता शहाऐंशी वर्षांचा आहे. जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात राहतो. मामी गेल्याला सहा वर्षं झाली. मधे अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, त्यामुळे बोलतो फार सावकाश. एकेक शब्द खोल विहिरीतून पोहऱ्यानं शेंदून काढावा तसा. पोहरा वर येईपर्यंत ऐकणाऱ्यानं काठावर उभं राहायचं.

"ये. बस घटकाभर," मामा म्हणाला.

बसलो. तब्येत, औषधं, पाऊस झाला. मामाचं माझ्या मनगटाकडे लक्ष जाईना. मी कपाळावरचा घाम पुसला. चहाचा कप डाव्या हातानं उचलला. उगाच कानशील खाजवलं. छे! मामा आढ्याकडे बघत म्हणाला, "एकोणसत्तरच्या पुरात... तुझी आई..." आणि थांबला. पुढचा शब्द शेंदत असावा. माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. त्या पुरात आईचं काय झालं होतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस आता हा एकच. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तो पूर नव्हता, ती निळी तबकडी होती. मी हात चांगला डोळ्यांसमोर धरला, कोपरातून वळवला आणि घड्याळाकडे बघितलं.

मामानं बघितलं. लगेच म्हणाला, "हो हो. तुला उशीर होत असेल. नीघ तू. अंधाराचं वाहन नीट चालव."

"नाही रे मामा, तसं नाही..."

पण 'मी वेळ बघत नव्हतो, घड्याळ दाखवत होतो' हे कुठल्या तोंडानं सांगणार? घाईत असल्याचा अपराध कबूल करणं सोपं. दुसरा फार लाजिरवाणा. मी निमूटपणे उठलो आणि चपला घातल्या.

घड्याळाविरुद्धचा खरा मुद्दा मला त्या जिन्यावर सापडला. आपण समजतो की घड्याळ आपल्याशी बोलतं. पण समोर माणूस बसलेला असताना ते त्याच्याशीच बोलतं, आणि त्याला एकच वाक्य येतं, 'आता पुरे.' ते किमती असो की स्वस्तातलं, चावीचं असो की स्फटिकाचं, वाक्य तेच. आणि ते ऐकू जातं तेही कोणाला, तर ज्याला आधीच वाटत असतं की आपण दुसऱ्याचा वेळ खातो आहोत, त्याला. तरुण माणसापुढे तुम्ही दहा वेळा घड्याळ बघा, तो आपला हेका सोडत नाही. म्हातारा माणूस एकदाच बघतो आणि गोष्ट आवरती घेतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. घड्याळ मुद्दाम घरी ठेवलं. मामा खुर्चीत होता. बसतो न बसतो तोच म्हणाला,

"काय रे? आज घड्याळ... नाही?"

म्हणजे त्यानं बघितलं होतं!

"विसरलो घरी."

"छान होतं. निळं." मग जरा थांबून, "पोरानं... घेतलं?"

"हो."

"शहाणा आहे," मामा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, १९७३ साली 'जनता'चा पट्टा माझ्या हातात बांधताना होतं तसंच हसू होतं. मग मी धीर करून विचारलं, "मामा, तू त्या दिवशी सांगत होतास ना, एकोणसत्तरच्या पुरात आईनं काय..."

मामानं कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ आढ्याकडे बघत राहिला.

"सांगत होतो का मी?"

"हो."

"काय बरं... आठवेल. आठवेल. तू बस घटकाभर."

घटका म्हणजे बरोबर २४ मिनिटं. पूर्वी लग्नमुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडत, बुडाला बारीक भोक असलेलं. ते भरून बुडालं की घटका भरली. पण 'घटकाभर बस' म्हणणाऱ्याच्या मनातली घटका कधी चोवीस मिनिटांची नसते, आणि तिच्या बुडाला भोकही नसतं. मी बसलो. शेजारची मुलगी येऊन दिवा लावून गेली. किती वाजले होते मला माहीत नाही.

घड्याळ मी अजून घालतो. लग्नामुंजीत मिरवतो, कोणी विचारलं तर वेगही मोजून दाखवतो. फक्त दर गुरुवारी तिवंध्याच्या जिन्याशी ते खिशात जातं. वर गेलो की मामा मनगटाकडे बघतो आणि हसतो. त्याला कळलं असावं. परवा तो म्हणाला, "पाणी सराफबाजारात... शिरलं होतं..." आणि थांबला. आई अजून आलेली नाही. पण पाणी शिरलंय, म्हणजे येईल. मी बसून असतो.