मोर्चात मी कशासाठी?



डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि पुणे व नाशिक जिल्ह्यांतील शेतकरी रस्त्यावर उतरले. अशा वेळी गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. मोर्चात गेलेले म्हणतात, "आम्ही न्यायासाठी गेलो." घरी राहिलेले म्हणतात, "कसला न्याय? एकाला निवडणूक लढवायची आहे, दुसऱ्याला पेपरात फोटो हवा आहे आणि तिसरा स्वतःच्या कांद्यापुरता गेला." हेतू शुद्ध नसेल तर लढ्याला किंमत उरते का?

दौंड हे रेल्वेचे गाव. ८ मे १९७४ रोजी देशभरातील रेल्वे कामगारांनी संप पुकारला. कामाचे तास आठ असावेत, बोनस मिळावा, वेतन वाढावे अशा मागण्या होत्या. नेते होते जॉर्ज फर्नांडिस. तरुणपणी ते धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत गेले होते. तेथील शिकवण आणि आचरण यांतील अंतर पाहून आपण बाहेर पडलो, असे ते सांगत. संप सुमारे वीस दिवस चालला आणि मागण्या मान्य न होताच मागे घ्यावा लागला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक कुटुंबांना क्वार्टर सोडावे लागले. पुढे १९७९-८० पासून रेल्वेत बोनस सुरू झाला. तो संप करणाऱ्यांना मिळाला, तसा न करणाऱ्यांनाही मिळाला.

ते कामगार संपात का उतरले असतील? कोणी बोनससाठी, कोणी साहेबावरच्या रागाने, कोणी सोबती गेले म्हणून, तर कोणी लोक काय म्हणतील या भीतीने. एकाच माणसाच्या मनात ही सगळी कारणे असू शकतात. पण त्यामुळे आठ तासांची मागणी खोटी ठरत नाही. मागणी न्याय्य आहे की नाही, हे मागणाऱ्याच्या पवित्रतेवर अवलंबून नसते. कामगारांच्या संपाच्या हक्काला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात योग्य मर्यादेत मान्यता दिली, तीही सगळे संपकरी संत असतात असे समजून नव्हे.

मग हेतूला काहीच महत्त्व नाही का? आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, कृती पूर्ण चांगली ठरण्यासाठी ती कृती, तिचा हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही योग्य असावी लागतात. संत पौलाच्या पत्रांत याच्या दोन्ही बाजू दिसतात. फिलिप्पैकरांना तो लिहितो की, काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात. तरीही घोषणा होते म्हणून त्याला आनंद वाटतो. करिंथकरांना मात्र तो बजावतो की, प्रीती नसेल तर देह अर्पण करूनही मला काही लाभ नाही. म्हणजे मिश्र हेतूने केलेल्या कामाचा लाभ इतरांना होऊ शकतो. नुकसान होते ते माझ्या आत्म्याचे.

म्हणून दुसऱ्याचा हेतू शोधत बसू नये. स्वतःचा मात्र जरूर तपासावा. माझ्यापुरते काम झाले तर मी शेजाऱ्यासाठी थांबेन का? ज्याच्याविरुद्ध घोषणा देतो त्याच्यासाठी मला प्रार्थना करता येते का? लढ्याची किंमत मी मोजतो, की दुसऱ्याच्या मुलांना मोजायला लावतो? या प्रश्नांची उत्तरे मनासारखी आली नाहीत, तरी लगेच घरी परतण्याचे कारण नाही. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, असे प्रभू येशूने सांगितले आहे. हेतू चालता चालताही शुद्ध होतो. जब्दीच्या मुलांना प्रभूच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा हव्या होत्या. प्रभूने त्यांची चूक दाखवली, पण त्यांना हाकलून दिले नाही.

आणखी एक गोष्ट. मोर्चात गेलेल्याला सगळे विचारतात, "तू का गेलास?" घरी राहिलेल्याला कोणी विचारत नाही. घरी राहण्यामागेही हेतू असतो. कधी तो विवेक असतो, कधी लेकराबाळांची रास्त काळजी, तर कधी निव्वळ सोय. पिलाताने हात धुतले, तेही एका हेतूनेच.

या आठवड्यात आत्मपरीक्षण करताना आपण हाही प्रश्न स्वतःला विचारू या: मी गेलो तो कशासाठी, आणि राहिलो तो कशासाठी?

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचे धर्मगुरू