पनवेलवरून गेलेली गाडी

दूरदेशीचे वर्णन घरबसल्या करणाऱ्या लेखकाला कोणत्या कसोटीवर जोखावे? ‘प्रत्यक्ष पाहिले तेच खरे’ ही कसोटी आपण प्रवासवर्णनांबाबत सहज गृहीत धरतो. ती किती अपुरी आहे, हे कर्जत-खालापूरच्या परिसराशी निगडित असलेल्या एका उदाहरणावरून दिसते.

ज्यूल व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नाही. तरीही 1872 साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ऐंशी दिवसांतील जगप्रवासाच्या कादंबरीत त्याने फिलिअस फॉगला मुंबईहून आगगाडीने सह्याद्रीपार नेले आहे. कल्याणला खंडाळा-पुण्याकडे फाटा फुटतो, हे तो अचूक नोंदवतो. कर्जतवरून बोरघाट चढणारा, 1863 साली खुला झालेला हाच तो मार्ग. मात्र लगेच त्याची खानदेशाकडे निघालेली गाडी पनवेलवरून जाते! पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती आणि ते त्या वाटेवरही नाही. नकाशावरचे बोट जरासे घसरले असावे. गंमत अशी, की फॉग स्वतः काहीच पाहत नाही. मुंबईकडेही त्याने ढुंकून पाहिलेले नाही. जो प्रवास करतो त्याला देश दिसत नाही, आणि जो कधी आला नाही त्या लेखकाला डोंगरांचे बेसाल्टचे पायथे व झाडीने भरलेले माथे दिसतात. सह्याद्रीचा दगड त्याने केवळ ग्रंथांवरून ओळखला आणि बरोबर ओळखला.

पनवेलची चूक निरुपद्रवी आहे. दुसरी तशी नाही. 1880 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत व्हर्नने नानासाहेब पेशव्यांना सूडाने पेटलेला खलपुरुष केले आणि अखेरीस वाफेच्या यांत्रिक हत्तीला बांधून त्याच्या स्फोटात मारले. हे नानासाहेब जन्माने कर्जतजवळच्या वेणगावचे. याच व्हर्नने कॅप्टन नेमोला बुंदेलखंडचा बंडखोर राजपुत्र ठरवून त्याला उदात्तता बहाल केली होती. म्हणजे सत्तावनच्या बंडाविषयी सहानुभूती त्याच्या ठायी नव्हती असे नाही. ती कल्पित माणसाच्या वाट्याला आली, खऱ्या माणसाच्या वाट्याला नाही. कानपूरच्या हत्याकांडाचा विसर कोणी पडू देऊ नये. परंतु व्हर्नपुढे जी साधने होती, ती जवळजवळ सर्व विजेत्यांची होती, आणि आरामखुर्चीतल्या कल्पनेचा खरा धोका येथे आहे. ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहते व ते डोळे कोणाचे हे विसरते.

शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली खरोखर उत्तरेत गेले, झाशी पाहिली, आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी घरी बसून ‘माझा प्रवास’ लिहिला. तो छापून निघाला 1907 साली. तोपर्यंत व्हर्न निवर्तला होता.

पण प्रत्यक्ष पाहणे तरी कितपत तारक ठरते? इर्शाळगडावर जाणाऱ्यांच्या वर्णनांत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येते ती बहुधा वाटेवरची खूण म्हणून: तेथे पाणी मिळते, पुढे नेढे लागते. हे लेखक तेथे जाऊन आलेले असतात. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळून ती ठाकरवाडी गाडली गेली. मोटाररस्ता नसल्यामुळे मदतीला येणारे पायीच चढले. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. मुसळधार पावसात येथे रात्र काढणे म्हणजे काय, ही कल्पना करायला दूरदेशीचे ग्रंथ लागत नव्हते.

यावर आक्षेप येईल, की खुर्चीत बसून दुसऱ्याचे दुःख कल्पिणे हाही एक उपभोगच. आक्षेप खरा आहे. त्या आठवड्यातली आपली हळहळ छायाचित्रे टिकली तितकीच टिकली. तरीही मी कल्पनेला दोष देणार नाही. ज्याची कल्पना केली त्याला उलट बोलण्याची जागा तिने ठेवली की नाही, एवढे मात्र विचारीन. वेणगावला व्हर्नला उत्तर देता येत नव्हते. इर्शाळवाडीच्या माणसांनी आपल्याविषयी, खालच्या शहरांविषयी काय चित्र रंगवले होते, ते माझ्या वाचनातल्या एकाही गडवर्णनात नाही. डोंगरावरून रात्री खालच्या महामार्गावरचे दिवे सरकताना दिसत असणार, आणि त्या दिव्यांत बसून कोण कुठे चालले आहे याविषयी वाडीतल्या मुलांनी काही तरी ठरवलेले असणार.