जपावं की झिजवावं?

भेट मिळालेली चांगली वस्तू वापरावी की जपावी, या प्रश्नाचा निकाल आपल्या मध्यमवर्गाने केव्हाच लावून टाकला आहे. जपावी! कपाटातले नक्षीचे कप पाहुण्यांसाठी असतात. पण आलेल्या पाहुण्यापेक्षा मोठा पाहुणा नेहमी यायचाच असतो. त्यामुळे कप तसेच राहतात आणि चहा आपला स्टीलच्या पेल्यांतून फिरतो.

हा निकाल मला मान्य नाही, आणि त्यावरून सध्या कळवणात माझी बरीच निंदा चालू आहे. कारण एक पेन. माझ्या भाच्याने स्वतः घडवलेलं, चिडाच्या फळाचं. आता चीड म्हटलं की आमच्याकडे ती माणसाला येते. कांद्याचा भाव पडला की हमखास येते. पण हिमालयात चीड नावाचं झाड असतं आणि त्याला लाकडी खवल्यांचं फळ येतं. पुस्तकात त्याला शंकू म्हणतात. खवले उघडून बिया वाऱ्यावर गेल्या की ते आपलं खाली पडतं. झाडाच्या लेखी सेवानिवृत्त! भाच्याने डेहराडूनहून अशी पिशवीभर फळं आणली, तेव्हा त्याच्या आईला ती बंबात घालावीशी वाटली होती.

नुसतं फळ लेथवर चढवलं तर खवले चारी दिशांना उडतील. म्हणून आधी ते खडखडीत वाळवायचं, साच्यात ठेवायचं आणि वरून पातळ रंगीत रेझिन ओतायचं. (चीड म्हणजे मुळात राळेचं झाड, पण ही राळ मात्र कारखान्यातली.) ते दगडासारखं घट्ट झालं की मधून भोक पाडून पितळी नळी बसवायची आणि फिरत्या लेथवर कातत कातत बोटाएवढं आणायचं. मग पॉलिश पेपर, मग चकाकी, मग रिफिल. गंमत म्हणजे खवल्यांमधली जी पोकळी, जिथे काहीच नव्हतं, तिथेच रंग भरून सगळ्यात सुंदर नक्षी उमटते. दोन पेनं कधी सारखी होत नाहीत.

या पेनाने मी दुधाचा हिशोब लिहितो. शेजारचे निवृत्त तलाठी हळहळले. "अहो, पोराने चार संध्याकाळी घातल्यात यात. ओरखडा पडला तर असं दुसरं होणार आहे का? दुधाच्या हिशोबाला दहा रुपयांचं पेन काय वाईट?"

मुद्दा वजनदार होता. दुसऱ्याचे कष्ट झिजवायचा मला काय अधिकार? पण मला वाटतं, नुसतं बघायचंच असतं तर ते फळ मुळातच देखणं होतं. भाच्याने ते भोसकलं, कातलं, ते लिहिता यावं म्हणून. आता न लिहिणं म्हणजे फळ आणि कष्ट दोन्ही बुडीत खाती घालणं. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी आपलं स्वदेशी फाउंटन पेन गांधीजींना पाठवलं होतं. १९३५ साली गांधीजींनी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं, त्यात पेन वापरलं असं आधी सांगितलं आणि मग ते चांगलं म्हटलं. कौतुकाचा क्रम हा असा असतो.

आमच्याकडे उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवतात. ठेवण्यात शहाणपण आहेच. पण भावाची वाट बघत फार जपला की त्याला कोंब फुटतात, नाहीतर वास सुटतो. जपणारा माणूस मनात एक हिशोब धरून असतो, की अजून पुष्कळ दिवस आहेत. सत्तरीनंतर हा हिशोब कुठल्याच पेनाने जमत नाही.

भाचा फोनवर "पेन कसं आहे?" असं विचारत नाही. "मामा, रिफिल संपली का?" असं विचारतो, आणि संपली म्हटलं की खूश होतो. तलाठ्यांना हे सांगितलं, तसे ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मुलीने दिलेलं घड्याळ आहे माझ्याकडे. सात वर्षं झाली, अजून डबीतच आहे."

त्यात किती वाजलेत, हे विचारायचं मी टाळलं.