स्वस्त कापड आणि आपला शेजारी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार निघत असतो, आणि तो क्षुल्लक नाही. ज्या वस्तू पूर्वी आपल्या जिल्ह्यात आपल्याच लोकांच्या हातून होत, त्या आता दूरदेशच्या कारखान्यांतून येतात आणि स्वस्त मिळतात. त्या विकत घेणे ख्रिस्ती मनुष्यास योग्य आहे काय? की स्वस्ताईच्या मागे लागून आपण शेजाऱ्याच्या ताटातील भाकर काढून घेत आहो? उपदेशक बंधूंस ह्याचे उत्तर देताना अडचण पडते, कारण दोन्ही पक्षांस शास्त्राचा आधार दाखविता येतो. म्हणून आपण आपल्याच मुलखातील गोष्टींवरून ह्याचा विचार करू.

नांदेड हे गाव एके काळी तलम कापडाविषयी व जरीकाठी उपरण्यांविषयी नावाजलेले होते. पुढे गिरणीचे कापड आले, इ.स. 1900 च्या सुमारास आगगाडी आली, आणि कोष्ट्या-साळ्यांच्या घरचे माग एकामागून एक थांबू लागले. त्यानंतर निजाम उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत त्याच गावी उस्मानशाही गिरणी उभी राहिली. तिच्या भोंग्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत असत. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या हाती गेली आणि शेवटी बंद पडली. ती बुडाली म्हणून जे हळहळतात त्यांची हळहळ खरी आहे. तथापि ज्या गिरणीच्या कापडाने घरोघरचे माग थांबविले, त्याच जातीची हीही गिरणी होती, हे त्यांनी विसरू नये. त्या वेळच्या कोष्ट्यासाठी फारसे कोणी रडले नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, धंदा बुडाल्याची प्रत्येक ओरड धर्माची ओरड असतेच असे नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इफिस येथील देमेत्रिय सोनाराची हकीकत आहे. तो अर्तमीचे रुप्याचे देव्हारे करीत असे. पौलाच्या उपदेशाने आपला धंदा बसेल हे पाहून त्याने कारागिरांस जमविले, आणि पोटाच्या भीतीस देवीच्या अभिमानाचे वस्त्र पांघरले. आजही देशाभिमानाच्या नावाखाली कोणी आपला नफा राखीत आहे की काय, हे पारखून घ्यावे लागते. उलटपक्षी, तोच पौल करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून राहुट्या करण्याचा धंदा करीत होता, आणि आपण कोणावर भार घातला नाही ह्याचे त्यास समाधान होते. हाताला काम असणे ही केवळ पोटाची गोष्ट नव्हे, हे त्यास ठाऊक होते.

मग परदेशी कारागिराचे काय? काही बंधू त्याच्याविषयी शत्रूसारखे बोलतात. हे आम्हांस मुळीच मान्य नाही. इ.स. 2011 साली भारत सरकारने बांगलादेशच्या बहुतेक कपड्यांस आयातकरातून मोकळीक दिली. त्यानंतर दोन वर्षांनी, 24 एप्रिल 2013 रोजी, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत कोसळून तीत शिवणकाम करणारे अकराशेंहून अधिक कामगार मेले. त्यांत पुष्कळ तरुण स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींस तडे दिसले असताही त्यांस कामावर बोलाविले होते. त्या स्त्रियांनी आमच्या विणकराची भाकर चोरली असे कोण म्हणेल? शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात प्रभूने शेजारी कोण हे सांगताना गाव, जात, मुलूख यांची सीमा पाहिली नाही. आणि मजुरांच्या अडकविलेल्या मजुरीविषयी याकोबाने आपल्या पत्रात जे लिहिले आहे, ते सावरच्या मालकांस जितके लागू आहे तितकेच आमच्या इकडील मालकांसही.

तर परक्याने केलेले कापड अंगावर घालणे पाप नव्हे. ज्या मजुराच्या घरी चार लेकरे आहेत आणि आठवड्याची मजुरी शनिवारच्या बाजारातच संपते, त्याने स्वस्त सदरा घेतला म्हणून त्यास दोष देणाऱ्या उपदेशकाने आधी त्याची चूल पाहून यावी. आम्हांस दोष दिसतो तो दुसरीकडे. ज्यास निवड करणे शक्य आहे तो चार पैसे वाचवितो. त्याने कामाला नकार दिल्यामुळे गावचा विणकर किंवा शिंपी रिकामा बसतो. आणि मग नाताळात तोच मनुष्य मोठ्या मनाने त्यास घोंगडी दान करितो. ह्यात विणकराचा दोनदा तोटा झाला. प्रथम त्याचे काम गेले, आणि नंतर त्यास हात पसरावा लागला. देणाऱ्यास मात्र पुण्य केल्यासारखे वाटते.

आमच्या जुन्या मिशनऱ्यांस ही गोष्ट चांगली समजली होती. इ.स. 1896 ते 1900 च्या दुष्काळांनंतर अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरास (आता अहिल्यानगर) अनाथ मुलांस केवळ पोसले नाही, तर त्यांस हुन्नर शिकविले. तेथेच चर्चिल साहेबांनी सुधारलेला हातमाग तयार केला, तो अशासाठी की विणकराने गिरणीपुढे अगदीच हार खाऊ नये. ते माग गिरणीला थांबवू शकले नाहीत, हे खरे. परंतु त्या मुलांस भिक्षेची सवय लागली नाही.

येथे कोणी म्हणेल की, केवळ दया म्हणून महाग व वाईट कापड घेणे हीही भिक्षाच झाली. हे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच नांदेड व उदगीर येथील एक काम आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात राष्ट्रध्वजाचे खादी कापड तयार होते, आणि नांदेडात त्याचे ध्वज शिवले जातात. देशात असे काम करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हुबळीची संस्था त्यांत प्रसिद्ध आहे. ध्वजाची लांबी व रुंदी तीनास दोन ह्या प्रमाणात, चक्राचे आरे चोवीस, सूत, वीण व रंग ठरावीक. परीक्षेस न उतरलेला माल परत जातो. हे कापड कोणी दयेने घेत नसे. कायदाच म्हणत होता की ध्वज हातकताईच्या, हातविणीच्या खादीचा असावा, आणि काम चोख होते म्हणून ते खपत होते.

दि. 30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांस परवानगी मिळाली. पुढल्या ऑगस्टात घरोघरी ध्वज लावण्याची मोहीम झाली. गरिबाच्या झोपडीवरही ध्वज लागावा, तो त्यास परवडावा, ही इच्छा चांगली आहे, आणि खादीच्या मोजक्या केंद्रांतून कोट्यवधी ध्वज निघाले नसते हेही उघड आहे. परंतु कचेऱ्या, विद्यालये व मोठ्या संस्था यांस परवडत नाही असे नाही. त्यांच्यासाठी जुना नियम ठेवून घरगुती ध्वजांस मोकळीक देता आली असती. सरकारने हा भेद केला नाही, ही आमच्या मते चूक झाली. कताईचे काम करणाऱ्या बाईस पुढे अनुदान देणे सोपे आहे. तिच्या सुताची गरज पुन्हा निर्माण करणे तितके सोपे नाही.

आता मंडळ्यांविषयी दोन शब्द. प्रभुभोजनाच्या मेजावरील आच्छादन, शाळेचा ध्वज, गायकमंडळाचे झगे, सभागृहातील सतरंजी, ह्या वस्तू दरवर्षी घ्याव्या लागत नाहीत. पाच-दहा वर्षांतून एकदा लागतात. त्या घेताना भाव विचारण्याआधी पंचांनी एवढे पाहावे की, हे काम चांगले करणारा कोणी आपल्या तालुक्यात आहे काय. असल्यास त्याच्याकडून नमुना मागवावा, आणि वीण सैल असेल तर निःसंकोच परत करावी. चार पैसे अधिक पडले तरी ते मंडळीच्या पेटीतून जातील, आणि एकट्या मजुराच्या खिशास त्याची झळ लागणार नाही.