जनेट रँकिन आणि अर्जुनाचा मोह

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन जे बोलतो, त्यातलं काहीच खोटं नाही. युद्धानं कुळं बुडतात, बायकांची परवड होते, आपलीच माणसं मारून मिळालेलं राज्य घेऊन करायचं काय? तरी कृष्ण त्याला मोह म्हणतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, तेव्हा हा मोह समजावताना एका न्यायाधीशाचा दाखला दिला होता. शेकडो जणांना फाशी सुनावलेल्या या न्यायाधीशापुढे एक दिवस स्वतःचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहतो आणि फाशीची शिक्षा मुळातच अमानुष असल्याचं त्याला अचानक सुचू लागतं. अर्जुनाचं तेच झालं होतं. हिंसेचा त्याला वीट आला नव्हता. समोर आपली माणसं उभी होती, एवढंच.

मग लढाईला नकार देणारा प्रत्येक जण मोहातच असतो का? साताऱ्यात आम्ही काही बायका मिळून गीताई वाचतो, तिथे हा प्रश्न निघाला. आमच्याकडे तो पुस्तकी राहत नाही, कारण निम्म्या बायकांच्या घरातलं कोणी ना कोणी मिलिटरीत आहे किंवा होतं. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. ते युद्ध लढायलाच हवं होतं असं मी मानते, आणि हे मी आजोबांच्या अभिमानापोटी म्हणत नाही. तरीही त्याच युद्धाला भर सभागृहात एकटीनं ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईबद्दल मला मनापासून आदर आहे. या दोन गोष्टी एका मनात कशा राहतात, हे मला नीट पाहायचं होतं.

जनेट रँकिनचा जन्म १८८० सालचा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोंटाना प्रांतात, मिझूला गावाजवळचा. मोंटाना तेव्हा राज्यही झालेलं नव्हतं, ते झालं १८८९ साली. गुरांची कुरणं, तांब्याच्या खाणी आणि त्या खाणींच्या मालक कंपनीची राजकारणावर पकड, असा तो मुलूख. वडील रँचवाले, आई लग्नाआधी शिक्षिका. शिकून ती समाजकार्यात आणि पुढे बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत पडली. १९१४ साली मोंटानाच्या बायकांना मत मिळालं, त्यात तिचा मोठा वाटा होता. दोनच वर्षांनी मोंटानानं तिला वॉशिंग्टनला निवडून पाठवलं. अमेरिकेच्या काँग्रेसमधली ती पहिली स्त्री. देशभरातल्या बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती व्हायला तेव्हा अजून चार वर्षं होती.

२ एप्रिल १९१७ ला तिनं शपथ घेतली आणि त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. मतदान झालं ६ तारखेच्या पहाटे. एकेकाचं नाव पुकारून मत घेत होते. पहिल्यांदा नाव आलं तेव्हा ती गप्प राहिली. दुसऱ्या फेरीत उठली आणि म्हणाली की मला माझ्या देशाच्या बाजूनं उभं राहायचं आहे, पण युद्धाला मत देता येत नाही. मत देताना भाषण करायचं नाही, हा सभागृहाचा रिवाज तिनं मोडला. ठराव ३७३ विरुद्ध ५० नं मंजूर झाला. विरोध करणाऱ्यांत ४९ पुरुष होते, पण बोल लागला तो तिला.

आता विनोबांची कसोटी इथे लावून पाहा. तिची आपली माणसं कोणत्या बाजूला होती? निवडणूक सांभाळणारा सख्खा भाऊ वेलिंग्टन ‘हो’ म्हण म्हणून तिच्या मागे लागला होता. तिच्या ‘नाही’मुळे बायका राजकारणाला कच्च्या ठरतील आणि मताधिकार मागे पडेल, ही धास्ती चळवळीतल्या मैत्रिणींना होती. जागा टिकवायची तर ‘हो’ म्हणणंच सोयीचं होतं. अर्जुनाला त्याची आसक्ती युद्धापासून मागे ओढत होती. जनेटला तिची आसक्ती, भाऊ, मैत्रिणी, पद, सगळं युद्धाकडे ढकलत होतं, आणि ती हलली नाही. तिच्या नकाराला मोह म्हणायला मला जागाच दिसत नाही.

दोनच महिन्यांनी मोंटानातल्या ब्यूट शहरात स्पेक्युलेटर खाणीला आग लागून १६८ कामगार मेले. जनेट कामगारांच्या बाजूनं उभी राहिली आणि खाणवाल्या कंपनीचं वैर तिनं ओढवून घेतलं. १९१८ साली सिनेटची निवडणूक ती हरली. मधली वीस-बावीस वर्षं शांततेच्या प्रचारात गेली आणि १९४० साली मोंटानानं तिला पुन्हा निवडून दिलं.

पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, सभागृहात जपानविरुद्धच्या युद्धाच्या ठरावावर चर्चा अशी झालीच नाही. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. ती बोलायला पुन्हा पुन्हा उठत होती आणि सभापती रेबर्न तिला बोलू देत नव्हते. निदान तटस्थ राहा, असं सहकाऱ्यांनी विनवलं. नाव पुकारल्यावर ती म्हणाली की बाई म्हणून मला युद्धावर जाता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला पाठवायला मी तयार नाही. ३८८ विरुद्ध १. बाहेर लोक इतके खवळले होते की ती टेलिफोनच्या खोक्यात शिरली आणि पोलिसांना बोलावून घेतलं. सारं मोंटाना तुझ्या विरोधात आहे, अशी तार भावानं केली.

आमच्या वाचनाला येणाऱ्या एका वीरपत्नीला हे सांगितलं, तर त्या सरळ म्हणाल्या, “बाई, हे फुकटचं पुण्य झालं. बाकीच्यांनी ‘हो’ म्हटलं म्हणून हिला ‘नाही’ म्हणता आलं.”

या बोलण्याला वजन आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहावर एवढा भर दिला तो उगाच नाही. जाणत्या माणसाच्या मागून लोक चालतात, म्हणून त्यानं आपलं मन स्वच्छ राहिलं एवढंच पाहून भागत नाही. सगळेच जनेटसारखे वागले असते तर काय झालं असतं, हे त्याला विचारावं लागतं. १९४१ साली या प्रश्नाचं उत्तर भयंकर आहे. विनोबांची कसोटी नकार निर्मळ आहे का ते सांगते, तो बरोबर आहे का ते सांगत नाही. त्या दिवशी मी सभागृहात असते तर ‘हो’ म्हटलं असतं.

पण फुकटचं मात्र ते नव्हतं. त्याची किंमत तिनंच मोजली. राजकारण तिथेच संपलं, १९४२ साली ती निवडणुकीला उभीही राहिली नाही. शिवाय तिनं दिलेलं कारण मला सोडत नाही. मी जाणार नाही, तर दुसऱ्याला पाठवू कशी? मिलिटरीतल्या घराला हे वाक्य पाठवणाऱ्यांच्या तोंडून क्वचितच ऐकायला मिळतं. त्या ३८८ जणांतही पोरांचे बाप असणारच, त्यांनाही दुःख झालं असेल. पण पाठवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला, हे त्या दिवशी उघडपणे विचारणारी एकटी तीच होती. ज्यांच्या नावानं तो ठराव झाला, त्या पोरांचं एवढं देणं त्या सभागृहावर होतंच, आणि ते तिनं दिलं.

तिला निष्कलंक करायचा मोह मलाही होतो. पण डिसेंबर १९१७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धच्या युद्धाला तिनं ‘हो’ म्हटलं होतं. युद्ध सुरूच आहे, हा ठराव निव्वळ तांत्रिक, असं तिचं म्हणणं. आणि पर्ल हार्बरनंतर चौथ्याच दिवशी, जर्मनी आणि इटलीविरुद्धचे ठराव आले तेव्हा, तिनं नुसती ‘हजर’ अशी नोंद केली. पुढे गांधींची वाट समजून घ्यायला ती अनेकदा भारतात आली, १९६८ साली सत्त्याऐंशीव्या वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायकांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनमध्ये चालली. म्हणजे श्रद्धा ढळली नव्हती. मग ‘हजर’ का?

वीरपत्नी बाईंना तिची तीच नोंद सगळ्यात पटली. एकदा युद्ध पेटल्यावर ‘नाही’ म्हणण्यात अर्थ राहत नाही आणि ‘हो’ म्हणवत नाही, मग माणूस दुसरं काय म्हणणार, असं त्या म्हणतात. मला ते पटत नाही. ८ तारखेचं तिचं ‘नाही’ मला मान्य नसूनही त्याच्याशी भांडता येतं, कारण ती त्याच्यामागे उभी आहे. ११ तारखेचे ठराव हिटलर आणि मुसोलिनी यांच्याविरुद्धचे होते. तिच्या अहिंसेची खरी परीक्षा जपानपेक्षाही तिथे होती, आणि तिथे तिनं बोलायला हवं होतं, मग उत्तर काहीही असो.