कण्यावर एकही ठिपका नाही

मोबाइलवर योगाचं ॲप चालू करून तो भिंतीला टेकवून ठेवायचा, समोर चटईवर उभं राहायचं. आसन चुकलं की पडद्यावर सांगाड्याची रेघ लाल होते. आता योगशिक्षकाची गरज उरली नाही, असा दावा अशा ॲपवरून केला जातो. तो पुण्यात ऐकू यावा, हे जास्त खटकतं. आसनात डोळ्यांना काय दिसतं आणि काय निसटतं, याचा विचार या शहरात एका माणसाने आयुष्यभर केला.

आधी ती रेघ ज्या ठिपक्यांवरून आखली जाते, ते ठिपके पाहू. गुगलच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेली ब्लेझपोझ ही पद्धत शरीरावर 33 ठिपके शोधते. त्यांतले 11 चेहऱ्यावरच असतात: नाक, डोळे, कान, ओठांचे कोपरे. मग खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, आणि तिथून एकदम खुबे, गुडघे, घोटे, पावलं. खांदा आणि खुबा यांच्यामध्ये काहीच नाही. बरगड्या, पोट, अख्खा पाठीचा कणा त्या मोकळ्या चौकोनात जातो, आणि आसन म्हटलं की मुख्य काम तिथेच असतं.

पुण्यातला तो माणूस म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. ते 1937 साली, अठराव्या वर्षी, पुण्यात योग शिकवायला आले आणि इथलेच झाले. 1966 च्या त्यांच्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये दोनशे आसनं आणि सुमारे सहाशे छायाचित्रं आहेत. मग त्यांनीही चित्रावरच भिस्त ठेवली होती, असं कुणी म्हणेल. पण 1975 मध्ये मॉडेल कॉलनीत उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत भिंतींवर दोर आले, लाकडी विटा, पट्टे, घोंगड्या आल्या. छायाचित्रातला आकार प्रत्येक शरीराला तसाच्या तसा जमणार नाही, हे त्या साधनांत गृहीत धरलेलं आहे.

उत्थित त्रिकोणासन घ्या. हात जमिनीला टेकवायचा एवढंच ध्येय ठेवलं, तर नवशिका छाती पुढे पाडतो, खुबा मागे ढकलतो आणि हात टेकवून मोकळा होतो. समोरच्या एकट्या कॅमेऱ्याला पुढचं-मागचं अंतर सगळ्यात कमी कळतं, त्यामुळे त्याच्या लेखी आसन जमलेलं असतं. शिक्षक हाताखाली वीट ठेवतो. जमीन वर येते, छाती उघडते, मागच्या पायाची टाच वजन घेऊ लागते.

ध्येय गाठायचं आणि मधली मेहनत चुकवायची, ही शरीराची खोड कार्ल सिम्स या संशोधकाने 1994 मध्ये संगणकातल्या प्राण्यांत पाहिली. ठोकळे सांध्यांनी जोडून केलेले हे प्राणी. त्यांचं शरीर आणि ते हलवणारा मेंदू, दोन्ही उत्क्रांतीतून घडत. तीनशे प्राणी, शंभर पिढ्या, 32 प्रोसेसरचा समांतर संगणक, सुमारे तीन तास. पोहणारे, सरपटणारे, प्रकाशामागे जाणारे प्राणी त्यातून निपजले. पण जमिनीवर वेग मोजायचा म्हटल्यावर एक पळवाट उघडी राहते: उंच व्हायचं आणि आडवं पडायचं. पडण्यातही वेग असतोच. म्हणून सिम्स आधी प्रत्येक प्राण्याला पडू देई, त्याचं वजन खाली स्थिरावलं की मगच चाचणी सुरू करी. गणितात ऊर्जेची बारीकशी गळती राहिली तरी हे प्राणी ती हटकून शोधून काढतात, असं त्याने नोंदवलं आहे.

चित्रफितीतली क्रिया ओळखणारी यंत्रंही अशाच पळवाटेने जातात. यूसीएफ101 हा चित्रफितींचा संच 101 क्रियांचा. 2016 मध्ये जपानी संशोधकांनी त्यातली माणसं झाकून टाकली, तरी यंत्राने सुमारे 47 टक्के क्रिया बरोबर ओळखल्या. पाणी दिसलं, की पोहणं.

एवढ्यावर निकाल लावून ठिपक्यांनाच दोषी ठरवता आलं असतं. पण स्वीडनमधला संशोधक गुन्नार योहान्सन आडवा येतो. 1973 मध्ये त्याने माणसाच्या सांध्यांवर जेमतेम डझनभर दिवे लावून अंधारात चित्रण केलं. माणूस स्थिर असताना तो नुसता ठिपक्यांचा पुंजका वाटे. तो चालू लागला, की पाहणाऱ्याला क्षणात चालणारा माणूस दिसे. म्हणजे मूठभर ठिपक्यांतही चाल मावते. ‘शरीराशिवाय हालचाल कळणारच नाही’ असा ठाम पक्ष कुणी घेतला, तर तो इथे सैल करावा लागतो. बघून ओळखता येतं, आणि यंत्रालाही ते येत जाईल.

तक्रार उरते ती ओळखण्यालाच शिकवणं म्हणण्याबद्दल. 2020 च्या ‘योगा-82’ या संचात 82 आसनांची 28 हजारांहून अधिक छायाचित्रं आहेत आणि प्रत्येकावर आसनाचं नाव आहे. नाव ओळखायला तो उपयोगी आहे. वीट का ठेवली, हे त्यातून कळत नाही. ते कळायला नोंदीचा घटकच बदलावा लागेल: वीट ठेवण्याआधीचं शरीर आणि ठेवल्यानंतरचं, दोन्ही वेळी टाचेखाली पडलेला दाब, आणि त्या मधल्या क्षणी शिक्षकाने काढलेला शब्द. पुण्यात अशा दुरुस्त्या रोज सकाळी कितीतरी वर्गांत होतात. त्यांची नोंद मात्र कुणी ठेवत असल्याचं ऐकिवात नाही.