दहापैकी किती?

“आजी, तू बस, मी आणतो.” हे वाक्य प्रेमाचंच आहे. प्रश्न असा, की फुफ्फुसाचा जुनाट आजार असलेल्या माणसाला दिवसातून दहा वेळा हे ऐकवावं का?

सीओपीडीमध्ये श्वासनलिका अरुंद होतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. सिगारेट हे त्याचं मोठं कारण, पण विडीला कधी हातही न लावलेल्या आणि जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बायकांनाही हा आजार होतो. धाप लागते म्हणून माणूस जिना टाळतो. मग पायांचे स्नायू कमजोर होतात आणि सपाट रस्त्यावरही धाप लागू लागते. हे छातीपुरतंच राहत नाही. या आजारात अनेकांचं लक्ष आणि स्मरणशक्तीही मंदावते.

व्यायामाने खराब झालेली फुफ्फुसं दुरुस्त होत नाहीत. पण स्नायू सुधारतात, त्यामुळे तेच काम कमी श्वासात होतं. अमेरिकेत चार्ल्स एमरी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा ७९ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे व्यायाम केलेल्या गटाची शब्द भराभर आठवून सांगण्याची क्षमता वाढली. व्यायामाविना नुसती माहिती आणि ताण हाताळण्याचं प्रशिक्षण मिळालेल्या गटात ही वाढ दिसली नाही.

मग व्यायाम किती जोरात करायचा? आपल्या मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. ‘२२० वजा वय’ हे सूत्र आपल्याला पाठ असतं. पण या आजारात बहुधा हृदयाच्या आधी श्वासच संपतो. म्हणून पुनर्वसन केंद्रांत स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ० ते १० ची पट्टी वापरतात. शून्य म्हणजे धाप अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. साधारण ४ ते ६ च्या दरम्यान राहायचं. हा आकडा कुठल्याही सेन्सरमधून येत नाही, तो रुग्णाने सांगायचा असतो.

नैतिक पेच इथेच आहे. “बस” म्हणणारा नातू आणि “अजून एक फेरी” म्हणून मागे लागणारा नातू, दोघंही तिचा आकडा स्वतःच ठरवून टाकतात. एकजण काळजीपोटी, दुसरा उत्साहापोटी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जिची स्मरणशक्ती मंदावली आहे, जी घाबरून पहिल्याच पायरीवर ‘आठ’ म्हणते, तिच्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? कुठे थांबायचंच, ही सीमा डॉक्टरांनी तपासून आखावी. बोटाला ऑक्सिमीटरही असावा. पण त्या सीमेच्या आतला आकडा तिचाच. भीतीने सांगितलेला ‘आठ’सुद्धा खोटा नसतो. धाप लागली, थांबलो, ती ओसरली, असं पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर ती भीती कमी होऊ शकते. दुसऱ्याने आकडा ठरवला तर हा अनुभव तिला मिळणारच नाही.

आणि मेंदू जपायचा तो कशासाठी? माणसाला स्वतःचं काही ठरवता यावं यासाठीच ना? मग तो जपण्याच्या नावाखाली ठरवण्याचा हक्कच काढून घेतला, तर जपलं काय?

म्हणून “दमलीस ना, बस” ऐवजी “दहापैकी किती?” असं विचारावं. ती ‘पाच’ म्हणाली, तर हात पुढे न करता सोबत चालावं. ‘आठ’ म्हणाली, तर वाद न घालता थांबावं.